त्यांच्या वाटचे पाणी

मी एक जुनी टाकी आहे. खरे सांगायचे तर आता निम्मीच टाकी आहे. माझा खालचा भाग भंगारात गेला आणि वरचा या दारावर टांगला आहे. पण मित्रांनो, मी पाण्याची टाकी नव्हे, हवेची. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या पाठीवर मी असे आणि माझ्या पोटातल्या हवेवर ते श्वास घेत. एवढ्या जबाबदारीची वस्तू मोठी धीराची असेल, असे तुम्हाला वाटेल. मी मात्र जन्माची भित्री.

आणि का नसावे? जन्माला येताच मला एका हौदात बुडवले, माझ्या पोटात गळ्यापर्यंत पाणी कोंडले आणि फुटते का ते पाहिले. मी फुटले नाही, म्हणून माझ्या पोलादी खांद्यावर तारखेचा शिक्का ठोकला. बरे, एकदा परीक्षा दिली म्हणजे सुटका, असेही नाही. दर काही वर्षांनी पुन्हा तोच हौद, तोच दाब. शिवाय तपासनीस माझ्या पोटात दिवा सोडून आत डोकावणार. गंजाचा ठिपका दिसला तर टाकी बाद. हौद दिसला की माझी पाचावर धारण बसे.

मला एक जुळी बहीण आहे. फार खोल जाणारे पाणबुडे पाठीवर दोन टाक्या घेतात, एकीने दगा दिला तर दुसरी असावी म्हणून. आम्हा दोघींना पोलादी पट्ट्यांनी बांधून मधून एक नळी जोडली होती. हवा भरताना रबरी नळी माझ्या तोंडाला लागे आणि माझ्यातून हवा बहिणीकडे जाई. थोरली मी, म्हणून आधी मला.

आमचे घर म्हणजे धक्क्याजवळच्या गल्लीतली हवा भरण्याची खोली. खाली रबराच्या चटया, भिंतीवर खुंट्यांना गुंडाळलेल्या नळ्या, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर. तो बाईंच्या ताब्यात. कानांत कापसाचे बोळे, चष्म्याला दोरी आणि हातात फडके, अशा थाटात बाई उभ्या असत. नळी लावण्यापूर्वी त्या माझे तोंड क्षणभर उघडून फुस्स करून हवा सोडत, म्हणजे तोंडातला पाण्याचा थेंब उडून जाई. बाईंचे यजमान ते आमचे मालक. ते बोटाच्या पेराने मला टिचकी मारत. टण्‌ असा आवाज निघाला की म्हणत, "बोलते अजून!"

काय ते दिवस होते! आम्हा दोघींना पाठीवर घेऊन मालक होडीची शिडी अशी चढत, जणू शाळेचे दप्तर पाठीला आहे. पाण्याखाली त्यांचा श्वास इतका संथ चाले की माझ्यासारख्या भित्रीलाही डुलकी येई. बुडालेल्या जहाजांच्या अंधाऱ्या खोल्यांतून ते फिरत. बरोबर बाईंचा भाऊ असे. त्याची पन्नाशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत.

वर्षे गेली. मी बाहेरून खरचटले, मालक आतून. शिडीच्या मधल्या पायरीवर ते थांबू लागले आणि थांबलो नव्हतोच असे दाखवण्यासाठी उगाच क्षितिजाकडे पाहू लागले. धाकटा त्यांच्या पोशाखाची चेन ओढताना म्हणे, "भाऊजी, पोट आत घ्या."

"आतच आहे रे. खाऱ्या पाण्यानं पोशाख आटलाय."

"माझा नाही आटला तो?"

"तुझा आहेच कुठे? माझाच जुना घालतोस!"

सगळे हसत. बाई हसत नसत. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की या वयात खोल उतरायचे तर दर वर्षी छाती, दम, रक्तदाब सगळे तपासून घ्या. बाई मागे लागत, "टाक्यांच्या तारखा तोंडपाठ आहेत तुम्हाला. स्वतःची तपासणी कधी?"

"मला शिक्का कुठे मारणार? टकलावर?"

"मारतील तिथे मारू देत. जाणार कधी ते सांगा."

"हा हंगाम संपू दे गं."

असे बरेच हंगाम संपले.

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझी सर्वांत मोठी भीती सांगते. खोल पाण्यात माणूस जी हवा घेतो, त्यातली थोडी त्याच्या रक्तात विरघळते. सोड्याच्या बाटलीसारखे समजा. झाकण हळूच उघडले तर काही होत नाही, झटकन उघडले तर फेस उसळतो. म्हणून पाणबुडे वर येताना वाटेत दोराला धरून मध्येमध्ये थांबतात, रक्तातली हवा निवांत बाहेर पडू देतात. त्यासाठी अंगात भरपूर पाणी लागते. अंग सुकले तर थांबे घेऊनही घात होऊ शकतो. म्हणून बाई सकाळीच मालकांच्या हातात पाण्याची भरलेली बाटली देत.

पण त्यांचा पोशाख गळ्यापासून पायापर्यंत बंद. एकदा चढवला की दुपारपर्यंत निघायचा नाही. आणि वय झाले की वारंवार लघवीला जावे लागते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण मालकांना लाज वाटे. सगळ्या पाणबुड्यांदेखत पोशाख काढायला होडीवर मदत मागायची कशी? त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. बाई माझ्या तोंडातून फुस्स करून हवा सोडून कॉम्प्रेसर सुरू करायला वळल्या की मालक ती बाटली माझ्या मानेवर ओतत आणि फडक्याने पुसल्यासारखे करत.

"प्यालात का?" बाई आवाज चढवून विचारत.

"प्यालो, प्यालो!"

रिकामी बाटली पाहून बाईंचे समाधान होई आणि त्या माझ्या तोंडाला नळी लावत. तोंडात राहिलेले थेंब हवेच्या जोराने माझ्या पोटात जात. एकीकडे माझ्या पोटातले पाणी, दुसरीकडे त्यांचे कोरडे पोट. सांगणार कोणाला? टाकीला तोंड असते, पण ते फक्त हवेसाठी.

आणि तो दिवस आला. खाली, बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीपाशी, अचानक पाण्याला ओढ लागली. मालकांना ओढीविरुद्ध पोहून दोर गाठायचा होता. त्यांचा श्वास भराभर चालू लागला. असा धापांचा श्वास मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. माझे पोट भराभर रिकामे होत होते. खाली काळोख, वर निळसर काळोख, आणि मला एकच कळत होते की मी संपले तर हा माणूस संपला.

दोर सापडला. पहिल्या थांब्यावर त्यांच्या पोटरीत गोळा आला. दुसऱ्या थांब्यावर दोन्ही पायांत. सुकलेल्या अंगाला पेटके येतातच. वेदनेने त्यांनी दोर सोडला आणि ते वर निघाले. तसेच वर गेलो असतो तर सोड्याची बाटली फुटली असती! तेवढ्यात माझ्या पट्ट्याला हिसका बसला. धाकट्याने मला घट्ट धरले होते. एका हातात दोर, एका हातात मी. आमची हवा तळाला गेली तेव्हा त्याने आपल्या टाकीची जादा नळी मालकांच्या तोंडात दिली. उरलेले सारे थांबे ते दोघे असेच लोंबकळत राहिले. मी रिकामी होते आणि वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होते.

होडीवर बाई होत्या. मालकांना शिडी चढवेना, म्हणून आम्हाला आधी सोडवून वर घेतले. ते फळीवर बसले आणि म्हणाले, "हाताला मुंग्या आल्यात." बाईंनी बोलण्यात वेळ घालवला नाही. ऑक्सिजनचा मुखवटा त्यांच्या तोंडावर बसवला, होडी वळवायला सांगितली आणि मगच विचारले, "पाणी किती प्यालात?"

मालकांनी मुखवट्याआडून माझ्याकडे पाहिले.

"बाटली रिकामी होती ना हो?"

"टाकीवर ओतली," ते म्हणाले. "आजच. आजचाच दिवस."

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

पुढचे मला धाकट्याच्या तोंडून कळले. मालकांना इस्पितळातल्या दाबाच्या खोलीत ठेवले. लोखंडी खोली, तिला गोल काच. आत पुन्हा खोल पाण्याइतका दाब देतात आणि तो अगदी सावकाश उतरवतात. म्हणजे माणूसच टाकीत! बाई काचेबाहेर स्टुलावर बसून होत्या. मालक वाचले. उजव्या हाताची बोटे मात्र बधिर राहिली. सदऱ्याचे बटण लावताना त्यांना अजूनही बाईंना हाक मारावी लागते.

त्याच सुमारास आमची तपासणीची तारीख आली. या वेळी मालक बाईंबरोबर आले होते. तपासनिसाने बहिणीच्या पोटात दिवा सोडला. "लख्ख आहे." मग माझ्या. तो बराच वेळ पाहत राहिला.

"बाई, हिच्यात गंज आहे. थरावर थर चढलेत. एका घरात वाढलेल्या जुळ्या, मग एकीलाच कसा?"

"एका दिवसाच्या पाण्यानं होईल असा?" बाईंनी विचारले.

"छे! हे दोन-तीन वर्षांचं काम आहे."

खोलीत कॉम्प्रेसर नव्हता, तरी माझ्या कानांत धडधड होऊ लागली. बाई मालकांकडे वळल्या. "आजचाच दिवस म्हणालात ना?"

मालक पायाखालच्या फरशीकडे पाहत होते. "तुला काय सांगणार होतो? म्हातारा झालो म्हणून?"

"मला दिसत नव्हतं का ते? मीही झालेच की तुमच्याबरोबर!" एवढे बोलून बाईंनी पदराने चष्मा पुसला. त्यांचा आवाज चढला नव्हता. मालकांना तो चढलेला परवडला असता.

जे पाणी त्यांच्या पोटात जायला हवे होते, ते माझ्या पोटात गेले. आम्ही दोघेही त्यानेच आजारी पडलो. त्यांच्यावर उपाय होता, माझ्यावर नव्हता. बाद टाकी कापावीच लागते, नाहीतर एखादा अजाण माणूस ती पुन्हा भरायचा. करवतीचे पाते पाहिले तेव्हा मी आयुष्यात सर्वांत जास्त घाबरले. पण बाई तिथेच उभ्या होत्या. "वरचा भाग मला द्या," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी हवा भरण्याच्या खोलीच्या या दारावर घंटा होऊन टांगलेली आहे. बहीण आता धाकट्याच्या पाठीवर असते. बाईंचा नियम असा की, हवा भरायला येणाऱ्याने त्यांच्यासमोर पेलाभर पाणी प्यायचे, साठी उलटलेली असेल तर डॉक्टरचा कागद दाखवायचा आणि मग मला टोला द्यायचा. टोला नाही, तर हवा नाही. कोणी तरुण पोरे हसतात. हसू देत.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची तपासणी दुसरे करतात. तुमची तुम्हालाच करून घ्यावी लागते, आणि ती चुकवणे फार सोपे असते. दम लागतो, पाय दुखतो, दिसत नाही, हे सांगायला लाजू नका. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही लाजवू नका. विचारा त्यांना, आणि नुसती रिकामी बाटली पाहून समाधान मानू नका.

मालकांना डॉक्टरांनी खोल पाणी बंद केले आहे. तरी ते रोज सकाळी येतात, पेला शेवटच्या घोटापर्यंत रिता करतात आणि बधिर बोटाच्या पेराने मला टिचकी मारतात. बोटाला काही कळत नाही, म्हणून ते कान जवळ आणतात. टण्‌. आतून, कापसाचे बोळे काढून ठेवलेल्या बाई मान वर न करता म्हणतात, "ऐकलं."

कधी त्यांना यायला उशीर होतो. तेव्हा दारावर वारा असूनही मी अजिबात हलत नाही. जीव मुठीत धरून वाट पाहते. आणि आत बाईंचा हात फडक्यावर तसाच थांबलेला असतो.