ड्रायव्हरशी बोलू नये

गाडी घेतली त्याच दिवशी तिचं इंजिन मेलं. मेलं तेही आमच्या दारात, वाटेत नाही. बाबांना याचा अभिमान वाटत होता.

"बघितलंस ना साहेब? घरापर्यंत आणलं," ते मला म्हणाले. मला ते साहेब म्हणतात, कारण मी खुर्चीत बसून सगळ्या घराला कामं सांगते. बॉनेटमधून करपट वास येत होता, गाडीखाली काळे थेंब पडत होते आणि हा माणूस छाती पुढे काढून उभा होता. आधी त्यांनी डिकीतून माझी खुर्ची काढली, उघडली, मला उचलून तिच्यात बसवलं. मग बॉनेटकडे वळले. प्रवासी आधी, गाडी नंतर. जन्मभर बस चालवली, पण प्रवाशांना मधल्या रस्त्यात कधी उतरवलं नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

त्यांनी पुन्हा चावी फिरवली. आतून 'टक' एवढाच आवाज आला. इंजिन जागचं हललं नाही.

गाडी माझ्यासाठी होती. लहानपणी तापात माझे पाय गेले. तेव्हापासून मी पुढच्या खोलीची खिडकी आणि मागच्या खोलीची खिडकी यांच्यामध्ये राहते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला नोकरी लागली होती. पाण्याच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे. लोकांच्या शिव्या ऐकायचा पगार. घरी तेच काम मी फुकट करत होते, म्हणून मुलाखतीत पहिली आले. सोमवारी हजर व्हायचं होतं. अट एकच, जाण्या-येण्याची सोय तुमची तुम्ही बघा. ऑफिस पार गावाबाहेर. बसच्या पायऱ्या माझ्या खुर्चीसाठी बांधलेल्याच नाहीत. टॅक्सीनं गेले असते तर सगळा पगार टॅक्सीवाल्याच्या घरी गेला असता, मी नुसती पोचवायला. म्हणून जुनी गाडी घ्यायची आणि बाबांनी चालवायची, असं ठरलं. बाबा निवृत्त होऊन घरात नुसते फेऱ्या मारत होते. त्यांना काम मिळालं, मला पाय मिळाले. आईसुद्धा त्या दिवशी बाहेर जायची साडी नेसली होती.

आता आमच्या घरातला एक कायदा सांगते, कारण सगळं त्यानंच बुडवलं. बाबा स्टिअरिंगवर असले की कुणी बोलायचं नाही. त्यांच्या बसमध्ये डोक्यावर पाटीच होती, ड्रायव्हरशी बोलू नये. ती पाटी आमच्या घरात कधी शिरली आम्हाला कळलंही नाही. शेजाऱ्यांची गाडी मागून आणून ते आम्हाला कुठे नेत तेव्हाही आम्ही देवळात बसावं तसं गप्प बसायचो. उलटी आली तरी पिशवीत करायची आणि पिशवी मांडीवर धरून बसायचं.

त्या दिवशीही तसंच. आई पुढे, मी मागे आडवी टेकून. नवी जुनी गाडी, सीटवर प्लास्टिक, दारात कुणाचा तरी जुना कंगवा. मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. मोठ्या रस्त्यावरून आत वळलो आणि पुढून आवाज सुरू झाला. इंजिनात कुणी हातोडी घेऊन बसलंय तसा. ठक, ठक, ठक. मी म्हटलं, "बाबा..." आईनं मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी मान हलवली, म्हणजे ऐकलंय. आणि गाडी दामटली. घर आलंच होतं ना.

दुसऱ्या दिवशी दोरी बांधून गाडी गॅरेजमध्ये ओढून नेली. मी पण गेले. आई म्हणाली, तू कशाला? मी म्हटलं, नोकरी कुणाची आहे? ती माझी खुर्ची ढकलायला लागली.

मिस्त्री घाईतला माणूस. त्याच्याकडे तीन गाड्या रांगेत होत्या आणि आमची त्याच्या वाटेत आडवी आली होती. त्यानं गाडी वर चढवली, खाली शिरला, बाहेर आला, हात पुसले.

"ऑइल थेंबभर नाही. खालचा बोल्ट सैल. आटे गेलेत त्याचे, कुणीतरी दोरा गुंडाळून बसवलाय. सगळं ऑइल रस्त्यात सांडत आलं. आत बेअरिंग वितळून बसलंय."

"दुरुस्तीला किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"काका, दुरुस्ती आजारी माणसाची करतात. दुसरं इंजिन टाका, नाहीतर तिला न्या इथून. मला जागा लागते."

मी म्हटलं, "बोल्ट विकणाऱ्यानं सैल ठेवला. इंजिन तोच टाकेल. महिनाभर इंजिनची जबाबदारी माझी, असं आमच्या तोंडावर म्हणालाय." मिस्त्री हसला. पण गाड्यांच्या त्या व्यापाऱ्याला मी फोन केला आणि तो आला. पांढरे बूट घालून आला. गॅरेजमधल्या ऑइलच्या डबक्यांतून मांजरासारखी पावलं टाकत.

मला वाटलं होतं, हा पहिल्या वाक्यालाच उडवून लावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, माझं तोंड पायांच्या वाटणीचंही चालतं. पण त्यानं वाकून बोल्ट पाहिला, हातात घेतला आणि म्हणाला, "बोल्ट माझा. कबूल. माझ्या पोरांनी ऑइल बदलताना माती खाल्ली."

"मग इंजिन टाका," मी म्हटलं.

"ताई, थांबा. ऑइल संपलं की समोर लाल दिवा लागतो. तो लागल्या लागल्या गाडी बाजूला घेतली असती तर नवा बोल्ट, नवं ऑइल, एक चहा, आणि तुम्ही घरी. इंजिनला ओरखडा आला नसता. बोल्ट मी सैल ठेवला, पण इंजिन कुणी मारलं?"

"दिवा लागलाच नाही," बाबा म्हणाले.

"काका..."

"लागलाच नाही! आयुष्य काढलं मी स्टिअरिंगवर. लाल दिवा लागल्यावर गाडी पळवीन? तुमच्या दिव्याची वायर तुटलेली असणार. तीही दोऱ्यानंच बांधली असेल."

मला बाबांचं हे बोलणं फार आवडलं. मी मोठ्यांदा हसले. मिस्त्रीही हसला. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. मला समोर नवं इंजिन दिसायला लागलं, सोमवार दिसायला लागला.

"मग बघूच," व्यापारी म्हणाला. मिस्त्रीनं गाडी खाली उतरवली. व्यापाऱ्यानं दार उघडलं, आत हात घालून चावी अर्धी फिरवली आणि बाजूला झाला. "या काका. बसा. तुम्हीच बघा."

बाबा सीटवर बसले. आम्ही सगळे दारातून, खिडकीतून डोकावलो. मला खुर्चीतून स्टिअरिंगच्या वरून सगळं दिसत होतं. ऑइलचा, किटलीच्या आकाराचा एक लाल दिवा. त्याच्या शेजारी बॅटरीचा लाल. हँडब्रेकचा लाल. सगळे ढळढळीत पेटलेले.

बाबांनी मान पुढे घातली. नीट, सावकाश बघितलं. मग आमच्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा फुलला होता.

"बघा! आहे का एक तरी दिवा?"

 मिस्त्रीनं हातातल्या फडक्याची उगाच घडी केली. व्यापारी आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला आयुष्यात कुणाची दया आलेली चालत नाही. त्या क्षणी एक नीच माणूस माझ्या बापाची दया करत होता.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "बोला की."

मी म्हटलं, "बाबा, तिन्ही लागलेत."

ते पुन्हा डॅशबोर्डकडे वळले. हात पुढे करून काचेवरून बोट फिरवलं, दिवा हाताला लागतो असं वाटलं की काय कोण जाणे. मग त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लांबचं दिसतं," ते म्हणाले. "रस्त्याच्या कडा दिसतात. नुसतं जिकडे बघावं तिथेच डाग येतो."

"डेपोत डोळे तपासायचे ना दरवर्षी?"

"तो तक्ता सगळ्यांना पाठ होता गं. नवीन ड्रायव्हर आला की आम्हीच पाठ करून घ्यायचो. कुणाची नोकरी जायला नको."

म्हणजे शेवटची काही वर्षं हा माणूस भरलेली बस घेऊन डागाच्या कडेकडेनं चालला होता. लोक मागे बसून झोपा काढत होते. आणि कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, कारण डोक्यावर पाटी होती.

मग मी आईकडे वळले. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला पर्स पोटाशी धरून उभी होती.

"आई. तू पुढे बसली होतीस."

"हो."

"दिवा?"

"लागला होता," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "किटलीसारखा. पुलाच्या अलीकडेच लागला. मला वाटलं, ह्यांना दिसतोय की. आणि चालवताना बोलायचं नाही ना."

"मोठा रस्ता, सगळा बाजार, आपली गल्ली! एवढा वेळ तू लाल दिव्याकडे बघत बसलीस?"

"मी काय सांगणार होते त्यांना? मला काय कळतं गाडीतलं?"

"तांबडं कळतं ना? तांबडं तरी कळतं?"

"ओरडू नकोस चारचौघांत."

"चारचौघांत आता काय राहिलंय आपलं?"

व्यापाऱ्यानं खाकरून सांगितलं की तो गाडी भंगाराच्या भावात परत घेईल, उगाच तुम्हाला ती ओढत न्यायला नको. वर म्हणाला, "काकांचे डोळे दाखवून घ्या, ताई." मी त्याला म्हटलं, तुमचा सल्ला त्या बोल्टला गुंडाळा, दोरा तरी वाचेल. मिस्त्री पुन्हा हसला. पण ते हसणं कुणाच्या काय कामाचं? बोल्ट व्यापाऱ्याचाच होता, अपराध त्याचाच होता, आणि तरी आम्हीच हरलो होतो. समज, त्यानं लाजून उद्या नवं इंजिन टाकलं असतं. चालवणार कोण होतं?

बाबा उतरेनात. मिस्त्रीला जागा हवी होती. तो दोनदा म्हणाला, काका, जरा. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं बाबांसकट गाडी ढकलत अंगणात नेली. बाबांनी फाटकाशी बरोबर स्टिअरिंग वळवलं. खांब चुकवला. खांब त्यांना दिसत होता.

घरी आल्यावर मी ऑफिसात फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलतात. म्हणाल्या, "सोय झाली ना गाडीची?" मी म्हटलं, नाही. दुसरं काही करते, थोडे दिवस द्या. त्या म्हणाल्या, थोडे म्हणजे किती? मला आकडा सांगता आला नाही. आमच्याकडे गाडी नव्हती, ड्रायव्हर नव्हता, आणि खोटं सांगायला तोंड उघडत नव्हतं. त्या म्हणाल्या, यादीत तुमच्या खाली एक मुलगी थांबली आहे, तिला सोमवारपासून बोलावते, तुमचं नाव पुढच्या वेळेसाठी ठेवते. मी आभार मानले. तक्रारीचे फोन घ्यायला निघालेली मी, आणि मला एक तक्रार धड करता आली नाही.

बाबा दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं.

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"काय बोलाल?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "मी म्हणेन, माझी चूक आहे, पोरीची नाही."

"त्यांना चुकी कुणाची ते नकोय, बाबा. त्यांना सोमवारी खुर्चीत बसलेलं माणूस हवंय."

ते समोर येऊन पलंगावर बसले. माझ्याशी बोलताना त्यांची मान नेहमीसारखी वाकडी झाली आणि नजर माझ्या बाजूच्या कपाटावर गेली. गेली काही वर्षं ते माझ्याशी असंच बोलतात. मला वाटायचं, माझ्या पायांची लाज वाटते म्हणून माझ्याकडे बघत नाहीत. यावरून मी त्यांना टोचूनही बोलले आहे.

"कपाटाशी बोलताय का माझ्याशी?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे बघितलं की तू जातेस," ते म्हणाले. "बाजूला बघितलं की थोडी दिसतेस."

हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. शेजारची कुणीही म्हातारी असंच म्हणेल, आई तर म्हणतेच. नाही उतरला. डोळे गेले तर गेले म्हणून सांगायचं होतं. तोंड होतं ना? माझे नवे पाय त्यांनी दाखवले होते आणि नेले, दोन्ही एकाच दिवसात, एकाच रस्त्यानं. आणि त्या सगळ्या रस्त्यात माझ्या एका अर्ध्या 'बाबा'शिवाय आमच्यापैकी कुणीही एक शब्द काढला नव्हता.

सोमवारी आईनं मला लवकर उठवलं. सवयीनं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्या पायांवरचं पांघरूण पुन्हा सारखं करायला लागली, एकदा, दोनदा, जिथे मला काहीच कळत नाही तिथे.

"राहू दे," मी म्हटलं.

ती करतच राहिली.