निळा मणी, गुलाबी मणी

मुलांनो, डोळे मिटा. झेक देशातलं एक छोटं बाजारगाव डोळ्यांसमोर आणा. फरसबंद चौक, मध्ये कारंजं, भोवती उतरत्या छपरांची पिवळी-गुलाबी घरं. शनिवारी तिथे बाजार भरतो. कोबी, मध, आणि एका टोपलीत काचेचे मणी. मणीवाली मुलांना सांगते, "आत ट्यूबखाली बघा, मग बाहेर उन्हात बघा." रंग बदलतो, मुलं खिदळतात. तिथे याला कुणी चमत्कार म्हणत नाही.

आता डोळे उघडा. मस्कतच्या अल् खुवैर भागात अतुल इंजिनिअरचा हॉल भक्तांनी खच्चून भरलाय. ट्यूबच्या लख्ख उजेडात सदानंद महाराज गर्जतात, "झेकच्या कारंज्यात उभं राहून एका साध्वीनं तप केलं. हा मणी तिचा अश्रू!"

त्या थंडीत, कारंज्यात! साध्वीला साधी शिंकसुद्धा आली नसावी.

मधुमेह जावा म्हणून आठवडाभर अतुलच्या गळ्यात घातलेला मणी महाराजांनी उचलून दाखवला. निळा!

"बघा, मण्यानं शोषलेलं साखरेचं विष! आता आरती. ट्यूब बंद करा, समई लावा."

आरतीला ट्यूब बंद करायची रीत बऱ्याच घरांत असते. शंका कोण घेणार? ज्योतीपाशी मणी गुलाबी झाला.

"मधुमेह खलास! गोळ्या खलास!"

पुलांचे हिशेब करणाऱ्या अतुलनं गोळ्यांची पट्टी चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्याची बायको संध्या दचकली. "अहो, डॉक्टरांना तरी विचारा!"

"वहिनी, शंकेनं मणी रुसतो," महाराज म्हणाले.

दहा वर्षांची अंतरा अडखळत बोलली, "पण बाबा, गाडीत, उन्हात तो पिंक होता. तुमच्या ऑफिसात ब्लू. मग डायबिटीस काय पार्किंगमध्ये जातो?"

तिनं बटण दाबलं. ट्यूब लागली, मणी निळा. ट्यूब बंद, मणी गुलाबी. पुन्हा निळा.

शेजारचे जुनैदभाई हसत म्हणाले, "महाराज, खलास!"

त्या काचेत निओडिमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. म्हणून ती ट्यूबखाली निळसर दिसते, ज्योतीजवळ गुलाबी. रक्तातली साखर तिला कशी कळणार? ती तपासणीत कळते. मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी अंतरासारखं एखादं बटण दाबून बघा.

महाराज चपला शोधत होते. अतुल मान खाली घालून बसला होता. अंतरानं डब्यातून पट्टी काढली, पुसली, पाण्याचा पेला भरला आणि बाबांसमोर धरला.

"बाबा, यल्ला, चला, घ्या पटकन."