एक तांब्या कुणाच्या नावाचा

मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, थोराड, अंगभर गंजलेला. मित्रांनो, माझा सगळा जन्म गोंधळात गेला. तो गोंधळच आज तुम्हाला सांगतो.

जरीपटका नावाच्या वस्तीतल्या एका दुकानात पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. मग पंखा बसला, मोटर बसली, तिन्ही बाजूंना गवत लागलं. इंदूबाईंनी मला विकत आणून अंगणात खिडकीला लावलं. पहिल्या उन्हाळ्यात काय कौतुक! शेजारपाजारचे लोक खोलीत माझ्यापुढे येऊन बसायचे. पावसाळा लागला की मात्र अंगावर जुनी चादर टाकून सगळे मला विसरायचे. मी काय गुन्हा केला, ते मला कधीच कळलं नाही.

त्याहून मोठं कोडं इंदूबाईंचं. रोज संध्याकाळी त्या बादली घेऊन माझ्याजवळ यायच्या, डोळे मिटायच्या आणि एकेक तांब्या पाणी माझ्यात ओतायच्या. प्रत्येक तांब्याला कुणाचं तरी नाव. "हा पियूषसाठी, प्रभू. मशीनवर माह्या लेकाचा हात सांभाळ." "हा शेजारच्या श्वेतासाठी. तिचा पेपर सोपा जाऊ दे." आवाज चांगला खणखणीत, पण माझ्या घरघरीत घरातल्यांना काही ऐकू जायचं नाही.

माझ्यासमोर उभ्या राहून बोलायच्या, म्हणून मला वाटलं, माझंच नाव प्रभू. अरे बापरे! पेपर सोपा कसा करतात, मला काय ठाऊक? मी आपला जोरात हवा मारायचो.

शेवटचा तांब्या नेहमी सुनेचा, रितिकाचा. तो ओतताना इंदूबाईंचे डोळे भरून यायचे. आणि घरात? घरात दोघींचं एक मिनिट पटायचं नाही. मी पुरता चक्रावून गेलो होतो. खरी इंदूबाई कोणती, अंगणातली की स्वयंपाकघरातली?

रितिकाने पाणी भरायला पाइप आणला. इंदूबाईंनी तो गुंडाळून ठेवला. "पाइपानं नाही जमत," एवढंच म्हणाल्या. देवाशी बोललेलं चारचौघांत सांगायचं नाही, असा त्यांचा हट्ट. रितिकाला भलतंच वाटलं. खिडकीशी ती पियूषला म्हणाली, "आई मुद्दाम बादल्या उचलून राहिल्या. सून काही करत नाही, हे शेजाऱ्यांना दाखवायचं आहे त्यांना. मले नाही राहायचं इथं."

पियूषची नोकरी कळमेश्वरला. तिथे खोली ठरली. सकाळी टेम्पो येणार होता.

आदल्या संध्याकाळी रितिका आत सामान बांधत होती. बाहेर इंदूबाई पाणी ओतत होत्या आणि नेमकी लाइट गेली. माझा पंखा थांबला. इंदूबाईंना भानच नव्हतं. त्यांचा तो खणखणीत आवाज खिडकीतून सरळ आत गेला.

"हा माह्या रितिकासाठी, प्रभू! पत्र्याची खोली आहे म्हणते तिथं, पोरीले त्रास होऊ नको देऊ. मले तिच्याशी गोड बोलताच येत नाही, तूच बोल तिच्याशी. अन् जमलं तर जाऊ नको देऊ तिले. येशूच्या नावानं मागते, आमेन."

डोळे उघडले तर रितिका समोर.

"आई, हे रोज?"

"रोज."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुह्यासमोर आली का माह्या तोंडातून भांडणच निघते वं," इंदूबाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. रितिकाही रडली. मला दोघींना हवा घालायची फार इच्छा होती, पण मी बंद.

टेम्पो सकाळी आला आणि रिकामा परत गेला. आता बादली रितिका आणते, नावं इंदूबाई घेतात. कधी कधी एखादं नाव रितिकाही सुचवते.

माझा गोंधळ अजून पूर्ण सुटला नाही. इंदूबाईंचा प्रभू कोण, मला माहीत नाही. पण तो मी नव्हे, एवढं नक्की. त्यांचं मागणं ऐकलं गेलं, तेव्हा मी बंद होतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या कूलरचं गवत वेळेवर बदला, टाकी घासा, आम्हाला चादरीखाली विसरू नका. आणि कधीमधी आम्हाला बंदही करत जा. आमच्या आवाजाखाली तुमच्यासाठी कोण काय मागत आहे, ते तुम्हाला ऐकू तरी येईल.