पावाच्या कडा

आमच्या टॅलिस बोअर गावात बघण्यासारखं काय आहे, असं घोड्यांच्या शर्यतीला आलेले पाहुणे दरवर्षी विचारतात. पब आहे, त्याच्या स्वयंपाकघरात मी उभी असते. शर्यत बघायला पत्र्याचा स्टँड आहे, दुपारी त्यावर अंडं तळता येईल. बाकी लाल माती, माश्या, आणि शर्यत-समितीचं कुरण.

फार पूर्वी एका श्रीमंत जनावरवाल्यानं शहरातून ओटचं धान्य आणून घोडे पोसले आणि सगळे कप घरी नेले. तेव्हापासून शर्यतीआधी महिनाभर सगळ्यांचे घोडे या एकाच कुरणात, एकाच वाळक्या गवतावर. कुणी हातानं भरवलं, तर घोडा बाद.

राखण पर्सी हॅड्रिककडे. त्याची परीक्षा सोपी. शेवटच्या दिवशी तो फाटकात रिकाम्या खिशांनी उभा राहायचा आणि घोडे एकेक करून बाहेर यायचे. ज्यानं त्याच्या खिशात नाक खुपसलं, त्याला कुणीतरी चोरून भरवलेलं असायचं.

यंदा पर्सीची स्वतःची घोडी, बिडी, कपला उतरणार होती. कप त्यानं कधी जिंकला नव्हता, आणि बायको एडना वारल्यापासून तो एकटाच, म्हणून शर्यत झाली की मुलगी त्याला कायमचं दूर अ‍ॅडलेड शहरात नेणार होती. म्हणजे हाच शेवटचा.

फाटकापाशी आम्ही सगळे जमलो. घोडे निमूट गेले. बिडी आली, थांबली, आणि नाक थेट पर्सीच्या खिशात.

समितीचा अध्यक्ष लॅकी हसला. "मालकाला ओळखणारच की ती! चला, पुढचा घोडा घ्या."

"मालकाला नाही, पावाला ओळखते," पर्सी म्हणाला. "रोज संध्याकाळी यायचो मी. एडना गेल्यापासून घरात बसवत नाही."

रोज तो माझ्याकडून पावाच्या कडा न्यायचा, कोंबड्यांना म्हणून. एडनाच्या कोंबड्या डिंगो रानकुत्र्यांनी कधीच्याच खाल्ल्या, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

"म्हाताऱ्या, गप्प बस ना," लॅकी हळूच म्हणाला. "पावाच्या तुकड्यावर कुणी कप जिंकतं का?"

"तुझा बाप हेच म्हणाला होता. त्याचा घोडा बाद केला मी."

"माहितीये. मरेपर्यंत तुला शिव्या घालत होता."

"मग? फुकट खाल्ल्या का मी त्या?"

शर्यतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं बिडीचं नाव पर्सीनं स्वतःच्या बाहीनं पुसलं.

दुसऱ्या दिवशी कपच्या शर्यतीची घंटा झाली आणि पब रिकामा झाला. मागच्या दारी बिडीला धरून पर्सी उभा.

"नोला, कडा आहेत का गं?"

"शंभर सँडविचं केलीत सकाळपासून. कडाच कडा आहेत. बस."

तो पायरीवर टेकला. स्टँडवरून आरोळ्या ऐकू येत होत्या. बिडीनं एकदा कान टवकारले, मग पुन्हा खिशाकडे वळली. पर्सीनं मान वर केली नाही.

कप कोण जिंकलं ते मला संध्याकाळी कळलं. तोवर मी कडांसाठी पाव कापत होते, लागत नव्हता तरी.