स्वयंपाकघरातला वास

जव्हारमधल्या नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात उज्ज्वलाला तो वास जाणवला. सकाळी दूध तापवायला ती ओट्याशी उभी राहिली की पायाकडून वर यायचा. आंबूस, जड, ओल्या पोतेऱ्यासारखा. तिने डबे उपसले, मोरी घासली, फिनेल ओतलं. दोन दिवस फिनेलचा वास यायचा, मग पुन्हा तोच.

तिची सासू गोजाबाई दाभोशाहून मुलाच्या घरी राहायला आली होती. शेणाने सारवलेल्या घरात तिचा जन्म गेला होता, पण असा वास तिने कधी घेतला नव्हता. "मास्तरीण झाली, पन चूल साफ ठेवता येत नाय," असं ती शेजारच्या ओट्यावर बसून सांगायची. उज्ज्वला शाळेतून दमून यायची आणि हे ऐकायची. एकदा तिने ताट आपटलं. दुसऱ्या दिवशी गोजाबाईने बोचकं बांधलं आणि दाभोशाची जीप पकडली. जाताना म्हणाली, "तुझ्या हातचा घास आता घशाखाली उतरत नाय."

नवरा सुशील कचेरीत कारकून होता. तो दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. "नवीन बांधकामाला वास असतोच, जाईल," एवढंच म्हणायचा.

घर बांधणाऱ्या लक्ष्मणशेठने सहा घरांची ओळ उभी केली होती. त्यातली चार विकली गेली होती. दसऱ्यापर्यंत काही निघालं तर दुरुस्त करून देईन, अशी त्याची हमी होती. दसरा जवळ आला तशी उज्ज्वलाने नाशिकला नोकरी करणाऱ्या मामेभावाला, गौतमला, फोन केला. गौतम इंजिनिअर होता.

"कशाला उगाच त्याला त्रास?" सुशील म्हणाला. "शेठ भला माणूस आहे."

"भला असेल. पण एकदा बघून घेऊ दे."

गौतम रविवारी आला. भिंती, छत, पावसाची ओल, सगळं पाहत तो स्वयंपाकघरात आला आणि थांबला. त्याने नाक आक्रसलं. फरशीवर हातोडीची मूठ ठोकून पाहिली. ओट्यासमोर आवाज पोकळ आला.

"ताई, संडासाची टाकी कुठे आहे?"

"मागच्या अंगणात."

टाकीचं झाकण दोघांनी मिळून सरकवलं. उज्ज्वलाने आधीच पदर नाकाला लावला होता. आत काहीच नव्हतं. तळाला वाळकी पानं पडली होती, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. धान्य भरून ठेवावं इतकी टाकी कोरडी होती.

गौतमने संडासाच्या भांड्यात निळीचं पाणी केलं आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. टाकीत थेंब आला नाही.

"म्हणजे इतके दिवस..." उज्ज्वलाने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"पाइप स्वयंपाकघराखालून टाकीकडे जायला हवा. तो मध्येच कुठेतरी सोडून दिलाय." गौतम तिच्याकडे बघत नव्हता. "खाली मुरूम आहे. मुरेल तेवढं मुरलं. आता मुरत नाही."

ओट्यासमोरची फरशी त्याने उचकटली. तिथेच बसून ती रोज भाकऱ्या थापायची, तिथेच गोजाबाई भाजी निवडायची. खालून काळा चिखल बुळबुळत वर आला. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. निळीचं पाणी त्या चिखलातून हळूहळू पाझरू लागलं. उज्ज्वला धावत अंगणात गेली आणि भिंतीला धरून ओकली. आपण खाल्लेला प्रत्येक घास तिला आठवू लागला.

गौतमने शेठला बोलावून घेतलं. तोवर शेजारची माणसं दाराशी गोळा झाली होती, त्यांच्या मागे सुशीलही उभा होता. लक्ष्मणशेठ स्कूटरवरून आला, तोंडात सुपारी. खड्ड्यात डोकावून त्याने नाकाला रुमालही लावला नाही.

"उंदरांनी पोखरलं असेल, बाई. चार घमेली सिमेंट टाकतो, वर नवी फरशी बसवतो. विषय संपला."

"घाणीवर सिमेंट?" गौतम म्हणाला. "पाइप पुढे घातलेलाच नाही, शेठ. उंदराने काय पाइप नेला?"

शेठ चिडला. "तुम्ही नाशिकहून येऊन मला शिकवू नका. आणि बाई, तुम्ही आज कसली तक्रार करता? सुशीलरावांना विचारा की. पहिल्याच उन्हाळ्यात आले होते माझ्याकडे. दोन घरं विकायची राहिलीत, तेवढी जाऊ द्या, मग खोदू, असं ठरलं होतं आमचं. छतावरची पाण्याची टाकी मी काय अशीच फुकट बसवून दिली?"

सगळे सुशीलकडे बघू लागले. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभा होता.

"बोनसमधून घेतली म्हणाला होतास," उज्ज्वला म्हणाली.

"वाद नको म्हणून... मला वाटलं लवकर करून देतील."

"आई इथून रागावून गेल्या. मला घाणेरडी म्हणून गेल्या. तू तिथे बसून जेवत होतास."

खड्ड्याकडे बघून तिला मघाशी आली होती तशीच शिसारी आता त्याच्याकडे बघून आली. त्याचा घामाने ओला, केविलवाणा चेहरा तिला बघवेना.

शेजाऱ्यांनी मात्र शेठला जाऊ दिलं नाही. त्यांनी आपापल्या टाक्या उघडल्या. आणखी एक कोरडी निघाली. त्या घरातल्या बाईने शेठच्या स्कूटरची किल्लीच काढून घेतली. संध्याकाळपर्यंत मजूर आले, खणायला लागले. ते कपाळाला आठ्या घालून, तोंडाला फडकी बांधून तो चिखल पाट्यांनी बाहेर काढत होते. शेठ झाडाखाली उभा राहून त्यांच्यावरच खेकसत होता.

उज्ज्वलाने दोन साड्या पिशवीत घातल्या आणि दाभोशाला गेली. गोजाबाई खळ्यात बसली होती. सुनेने सगळं सांगितलं, सुशीलचंही. गोजाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"त्याला ठाव व्हतं?"

"हो."

"आनि मी तुला बोलत व्हती, तवा तो गपच?"

उज्ज्वलाने मान हलवली. म्हातारीने उठून तिला गरम भात वाढला, वर चटणी दिली. उज्ज्वलाला दोन घासांच्या पुढे जाईना. गोजाबाईने आग्रह केला नाही.

काम व्हायला दिवाळी उलटली. पाइप टाकीपर्यंत गेला, खालची माती बदलली, नवी फरशी बसली. घराचं कर्ज उज्ज्वलाच्याही पगारातून कापलं जात होतं, त्यामुळे परत जायचंच होतं. गोजाबाई आपणहून तिच्याबरोबर जीपमध्ये बसली.

त्या रात्री दोघी स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. सुशील दारात आला, थोडा थांबला. कोणीच त्याला बस म्हणालं नाही. त्याने आपलं ताट वाढून घेतलं आणि घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसला.