हलणारी गॅलरी

हॉकीचं जुनं स्टेडियम पाडणार होते. चहा पिताना बाबा लेकीला म्हणाले, "निरोपाच्या कार्यक्रमात तुझीच आठवण सांगणार. गोल झाला की सगळे लाकडी गॅलरीत पाय आपटायचे, आणि तू मला बिलगून काय खूश व्हायचीस!"

ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी बाबा अचानक वारले.

कार्यक्रमाला ती एकटीच गेली. बाबांचे मित्र ओरडले, "आपली वाघीण आली रे!" आणि पाय आपटू लागले. फळ्या थरथरल्या. लहानपणीसारखाच तिचा हात बाजूला गेला. धरायला शेजारी कुणी नव्हतं. कुणीतरी माईक दिला.

"बाबा," ती रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "मला इथे फार भीती वाटायची. बोलले असते तर तुम्ही मला आणलं नसतं."