सरक, मी करतो

रविंद्रच्या हाताला एक खोड होती. कुणी कॉम्प्युटरसमोर जरा अडखळलं, की तो हात आपोआप पुढे जायचा आणि माउस काढून घ्यायचा. त्याबरोबरचे शब्दही ठरलेले. ऑफिसात "सरका, मी करतो," आणि घरी "सरक, मी करतो."

वाशिंदजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरची कामं बघायचा. बघायचा कसला, सगळ्यांची दुखणी निस्तरायचा. कुणाचं नेट गेलेलं, कुणाला स्कॅन केलेला कागद सापडत नाही, कुणी सगळ्यांच्या वापरातला फोल्डरच भलतीकडे ओढून ठेवलेला. माणसं तीच आणि प्रश्नही तेच. किती वेळा सांगायचं यांना, असं पुटपुटत तो उठायचा, खटाखट बटणं दाबायचा आणि कपाळाला आठ्या घालून जागेवर येऊन बसायचा. खरी गोष्ट अशी, की तो कधी कुणाला काही सांगतच नसे. तो करून देत असे. सांगणं वेगळं आणि करून देणं वेगळं, हे त्याच्या गावी नव्हतं. वाचकहो, आपल्यापैकी तरी किती जणांच्या आहे?

दिवसभर असं डोकं उठलं, की सापगावच्या घरी परतेपर्यंत त्याच्यात कुणाशी धड बोलायचंही त्राण उरत नसे. आणि नेमकी त्याच वेळी त्याची बायको पौर्णिमा लॅपटॉप उघडून बसलेली असायची.

त्या संध्याकाळी तर तिला घाई होती. गावोगाव जाऊन बायकांना मोबाइल आणि कॉम्प्युटर शिकवण्यासाठी मुरबाडची एक संस्था बायकांची निवड करणार होती. पगार होता, फिरतीचा खर्च होता, आणि मुख्य म्हणजे हे काम पौर्णिमाला मनापासून आवडत होतं. आळीतल्या भिमीला, शकूला, हिरीला तिने फोनवरून गॅस नोंदवायला शिकवलं होतं. त्याचेच फोटो आणि बायकांचे चार शब्द जोडून तिने एक फाइल केली होती. दुसऱ्या दिवशी निवडीच्या वेळी ती पडद्यावर दाखवून बोलायचं होतं.

"अवो, ही फाइल पेनड्राइव्हमधी कशी घालायची, जरा सांगा ना," ती म्हणाली. "मी करते, तुमी नुसतं बघा."

रविंद्र बूट काढत होता. त्याने एक पाय तसाच ठेवून म्हटलं, "सरक, मी करतो."

"तसं नको. उद्या तिथं कुणी इचारलं तर?"

"तिथे कोण कशाला विचारेल? पेनड्राइव्ह लावायचा, उघडायचं, झालं. सरक."

ती सरकली. त्याने लॅपटॉपच्या पहिल्याच पडद्यावरचं तिच्या नावाचं चित्र पकडलं आणि पेनड्राइव्हमध्ये टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. इतके फोटो इतक्या लवकर जातील कसे, हा प्रश्न एखाद्या नवशिक्याला पडला असता. रविंद्रला पडला नाही. त्याने पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत ऑफिसात त्याचा फोन वाजला. पलीकडून पौर्णिमा अगदी हळू आवाजात बोलत होती.

"फाइल उघडत नाय वो. सापडत नाय, असं कायतरी इंग्रजीत येतंय."

"परत लाव पेनड्राइव्ह."

"लावला. दोनदा लावला. आता यांनी माझ्या जागी पुढच्या बाईला बोलावलंय. तिचं झालं की परत माझा नंबर."

रविंद्र वैतागून काहीतरी बोलणार, तोच त्याला कालचं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालेलं काम आठवलं. "त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण दिसतो का?"

"हो, दिसतो ना."

बाण म्हणजे शॉर्टकट. हा शॉर्टकट त्यानेच कधीतरी करून ठेवला होता, तिला आत शोधत बसायला लागू नये म्हणून. शॉर्टकट म्हणजे घराकडे बोट दाखवणारी नुसती पाटी. पाटी मुरबाडला गेली होती आणि घर सापगावातच राहिलं होतं. अशी चूक ऑफिसात कुणी केली असती, तर रविंद्रने त्याला आठवडाभर ऐकवलं असतं.

गाडी काढून घरी जाण्याइतका वेळ नव्हता. फाइल घरूनच फोनवर पाठवायची, तर घरी लॅपटॉप होता आणि त्याची आई धोंडूबाई होती. दुसरं कुणी नव्हतं. त्याने आईला फोन लावला.

"आये, पौर्णिमाचा लॅपटॉप उघड. पटकन."

"उघडला."

"आता तुझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचाय. कसं सांगू तुला... वरून बोट खाली ओढ, मग..."

"ते ना? ते तर मी रोज करते. पौर्णिमा मलाच करायला लावते. झाला चालू."

रविंद्रची गाडी परत सुसाट सुटली. "ठीक आहे. आता लॅपटॉपचा पासवर्ड टाक, तिच्या फोन नंबरचेच शेवटचे आकडे. मग फाइल एक्सप्लोररमध्ये जा, डी ड्राइव्ह, तिच्या नावाच्या फोल्डरवर डबल क्लिक कर."

"कशावर काय कर?"

"डबल क्लिक, आये. क्लिक माहीत नाही तुला?"

"नाय."

"अगं ते पिवळं! पिवळं दिसतंय ना खाली? त्याच्यावर जा. तिथे नाही, खाली. खाली म्हणजे तळाला. दाब. दाबलंस का? काय आलं? बोल ना!"

ऑफिसातली माणसं माना वळवून बघायला लागली. त्याचा उजवा हात टेबलावर समोरच्या रिकाम्या हवेत माउस शोधत होता. आयुष्यात पहिल्यांदा माउस ओढून घ्यायची सोय नव्हती.

मग धोंडूबाई म्हणाली, "रवी, तू वरडतोस तवा मला ऐकू येतं, पण समजत नाय."

"आये, तिचा नंबर जाईल."

"जाईल तर. म्हणून सांगते, ऐक. तुला आवणीत भाताची रोपं लावायला मी शिकवलं. तुझी रोपं वाकडी बसत होती. कायी तर उपटून पाण्यावर तरंगत होती. मी तुझ्या हातातली रोपं वढून घेतली का रे? माझ्या वाट्याची पात सोडून तुझ्या पातीत शिरले का? मी बाजूला वाकून सांगत होते. अंगठा असा धर, चिखलात इतका दाब. तुझी पात तूच पुरी केलीस. आता या मशीनच्या शेतात मी तुझ्यासारखी नवी हाय. अंगठा कसा धरायचा, ते सांग."

रविंद्रने डोळे मिटले. रोज हजार वेळा बघितलेला पडदा त्याने पहिल्यांदा नीट आठवला. त्याची बोटं जे करत आली होती, त्याला त्याच्याकडे शब्दच नव्हते. ते एकेक करून शोधावे लागले.

"आये, बटणांच्या खाली एक गुळगुळीत चौकोन आहे. त्याच्यावर बोट फिरव. पडद्यावर एक पांढरा बाण हलतोय बघ."

"हालतोय."

"तो तळाच्या पिवळ्या डब्यावर ने. नेलास? आता त्याच चौकोनावर बोटाने टिचकी मार, एकदा."

"मारली. मोठी चौकट उघडली."

"शाब्बास. तिच्यात डाव्या बाजूला नावं आहेत. मराठीत पौर्णिमा लिहिलेलं कुठे दिसतं?"

धोंडूबाईला सावकाश पण वाचता येत होतं. ती अक्षरं जुळवत गेली. दोनदा चुकीच्या ठिकाणी टिचकी पडली, एकदा अख्खी चौकट गायब झाली. प्रत्येक वेळी रविंद्रच्या जिभेवर जुने शब्द आले आणि त्याने ते गिळले. "काही बिघडलं नाही, आये. पहिल्यापासून करू," असं स्वतःच्याच तोंडून ऐकून त्याला नवल वाटलं. पौर्णिमाचं व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर सुरूच असायचं. तिच्याच नावावर फाइल कशी चढवायची, ते त्याने सांगितलं आणि म्हातारीने चढवली.

"हिरवा गोल फिरतोय," ती म्हणाली. "हळू फिरतोय रे."

नेट रखडत होतं. रविंद्र तसाच फोन कानाला लावून उभा राहिला. शेवटी धोंडूबाई म्हणाली, "गेली!"

त्याने ताबडतोब पौर्णिमाला फोन लावला. तिने उचलला नाही. थोड्या वेळाने तिचा निरोप आला. फाइल आली. माझा नंबर होऊन गेला.

संध्याकाळी ती एसटीने परतली. चपला काढल्या, पाय धुतले, सासूच्या हातचा चहा घेतला. रविंद्र आधीच घरी येऊन बसला होता. तिचं रडणं, तिचा राग, सगळ्याची त्याने तयारी केली होती. ती शांत होती, आणि त्याला तेच सोसवेना.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "घाईत भलतंच उचललं मी."

"चूक तर कुणाचीबी होते," पौर्णिमा म्हणाली. "तिथल्या ताई चांगल्या होत्या. म्हणाल्या, फाइल राहू दे, नुसतं बोला. मी बोलले. त्यांना आवडलंबी. मग इचारलं, समजा शिकवायला गेलात आणि असाच घोळ झाला, तर तुमी काय कराल? फाइल का उघडत नाय, कसं ओळखाल?" तिने कप खाली ठेवला. "मला काय बी नाय आलं वो. मी म्हणाले, घरी इचारते. त्या हसल्या नायत, पण त्यांनी दुसऱ्या बाईला घेतलं. त्यांच्या जागी मी असते, तर मीबी तिलाच घेतलं असतं."

"मी संस्थेत फोन करतो. सांगतो, की चूक माझी होती."

"बघा, परत तुमीच करताय." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "लग्न झाल्यापासून या घरातलं मशीन तुमी चालवता आणि मी तुमच्या पाठीकडं बघते. तुमची पाठ बघून मला काय येणार? तुमी मला मदत करत नव्हता. मला अडाणी ठेवत होता."

आपण सगळ्यांसाठी मरमर मरतो आणि कुणी काही शिकत नाही, ही रविंद्रची इतक्या वर्षांची तक्रार. शिकत का नाही, हे आज त्याला त्याच्या बायकोने तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मान वर करून तिच्याकडे बघायची त्याला शरम वाटली.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं.

धोंडूबाई चुलीकडून म्हणाली, "तू गप बस. लय मोठं काम हाय ते."

पौर्णिमाने लॅपटॉप पुढ्यात ओढला. "कसं करायचं ते तोंडानं सांगा. हात नाय लावायचा."

तो तिच्या शेजारी मांडी घालून बसला. ती चाचपडत होती, भलतीकडे जात होती, परत येत होती. त्याचे हात शिवशिवत होते, म्हणून त्याने ते मांडीखाली दाबून धरले. बाणवालं चित्र कुठलं आणि खरी फाइल कुठली, हे त्याने सांगितलं. पेनड्राइव्हमध्ये गेल्यावर ती तिथून उघडून बघायची आणि मगच पेनड्राइव्ह काढायचा, हेही सांगितलं. त्याला जे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत जमत होतं, ते करायला तिला चहा गार होऊन साय धरेपर्यंत वेळ लागला. पण पेनड्राइव्हमधून भिमी आणि शकू पडद्यावर हसताना दिसल्या, तेव्हा ते तिच्या हाताचं काम होतं.

"आता हे पुसून टाकते," ती म्हणाली. "परत करते."

बंधूंनो आणि भगिनींनो, ज्याला येतं त्याच्याकडे आपण आदराने बघतो, आणि बघावंही. पण येणाऱ्याने दुसऱ्याचा माउस ओढून घेतला, की त्या दुसऱ्याच्या हातून दोन गोष्टी जातात. एक, शिकायची संधी. दुसरी, मला हे जमेल हा भरवसा. काम उरकून देण्यात आपला वेळ वाचतो, समोरच्याची मात्र उमेद जाते. एखाद्याचं भलं करायचं असेल, तर खुर्ची त्याला द्या, चूक त्याला करू द्या, आणि तुम्ही शेजारी बसा.

मुरबाडची ती संस्था पुन्हा कधी निवड करणार, ते कुणाला माहीत नाही. पुढच्या रविवारी आळीतल्या बायका पौर्णिमाच्या ओटीवर शिकायला जमल्या. कॉम्प्युटरच्या पुढे हिरी बसली होती आणि ती बराच वेळ एकाच जागी अडली होती. दारात उभा असलेला रविंद्र नकळत एक पाऊल पुढे आला.

पौर्णिमाने नुसती मान हलवली. तो परत मागे सरकला, आणि हिरीने स्वतःच पुढचं बटण दाबलं.